सोबतीला कोण

आमच्या घरात वॉर्डात राहायला जायचं काम बायकोचं होतं. मुलगा आजारी पडला की ती पिशवी भरायची आणि जायची, आणि मी डेपोत जायचो. स्वारगेटला बसच्या वर्कशॉपात मी ब्रेकचं काम बघायचो. असं वाटून घेतलेलं होतं, त्यात कुणाची तक्रार नव्हती. दुपारी मी डबा घेऊन इस्पितळाच्या जिन्यापाशी उभा राहायचो. ती खाली यायची, "झोपलाय" किंवा "आज जरा बरं आहे" एवढं सांगायची आणि डबा घेऊन वर जायची. रिटायर झाल्यावरही तेच चाललं. वॉर्ड आतून कसा आहे ते मी कधी बघितलं नव्हतं.

मग ती गेली. सकाळी चहाचं आधण ठेवलं, ओट्याला टेकून खाली बसली, ती उठलीच नाही. यापेक्षा जास्त मला त्याबद्दल लिहायचं नाही.

मुलगा आता बेचाळीसचा आहे. कॉलेजात असल्यापासून त्याला हा डोक्याचा आजार. बिघडलं की बिघडतं, एरवी तो माझ्यापेक्षा शहाणा. शनिवार पेठेत एका बायंडिंगच्या दुकानात कामाला आहे. त्याच्या हातचं पुस्तक आपटलं तरी सुटत नाही. गोळ्या चालू असल्या की वर्षं निघून जातात, काही होत नाही. त्या गोळ्यांचाच घोटाळा झाला. बायकोच्या बीपीच्या गोळ्या आणि त्याच्या गोळ्या एकाच बिस्किटाच्या डब्यात असायच्या. रात्री जेवण झालं की ती आपली गोळी घ्यायची आणि त्याची त्याच्या हातावर ठेवायची. तो घ्यायचा. डबा कुठं असतो हेसुद्धा त्यानं कधी बघितलं नसेल. तेरावं झाल्यावर तिच्या बहिणी घर आवरायला बसल्या. गेलेल्या माणसाचं औषध घरात ठेवू नये म्हणतात. त्यांनी तो डबा घंटागाडीत टाकला. त्यात भाच्याच्या गोळ्या आहेत हे त्यांना माहीत नव्हतं, कारण तो गोळ्या घेतो हेच तिनं सख्ख्या बहिणींना कधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं तो आपला आपला घेतोय. त्याला वाटलं आई गेली, गोळ्या संपल्या. दोघंही एका खोलीत जेवत होतो आणि कुणी कुणाला विचारलं नाही.

दोन महिन्यांनी तो स्वारगेटच्या चौकात मधोमध उभा राहून बस थांबवायला लागला. आई मंडईतून यायचीय, ती बसमध्ये आहे, तिला उतरवून घ्यायचंय म्हणून. डोक्यावरचे केस अजून पुरते वाढले नव्हते. त्यानंच तिला अग्नी दिला होता, त्यानंच मुंडण केलं होतं. पण त्याला आता ती मंडईत होती. ट्रॅफिकच्या हवालदारानं त्याच्या खिशातल्या फोनवरून मला फोन केला. चांगला होता बिचारा. "बाबा, मारलं-बिरलं नाही कुणाला, पण लवकर या, पब्लिक जमलंय," म्हणाला.

इस्पितळात खाली त्याला इंजेक्शन दिलं आणि स्ट्रेचरवरून वर नेलं. मी मागनं. डोळ्यांच्या वॉर्डाच्या पलीकडं एक जाळीचं दार आहे, त्याला आतून कुलूप. वॉर्डबॉयला तिथं सगळे मामा म्हणतात. मामानं कुलूप काढलं, स्ट्रेचरवर बघितलं, मग माझ्या मागं बघितलं.

"आजी कुठायत?"

"गेली."

त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत चालायला लागला.

आता वॉर्ड कसा चालतो ते सांगतो. मला ते समजायला वेळ लागला, वाचणाऱ्याला लागू नये. पुरुषांच्या वीस कॉट एका बाजूला, बायकांच्या तेवढ्याच भिंतीपलीकडं. दाराशी सिस्टरचं टेबल. टेबलाच्या जवळच्या चार कॉट सगळ्यात वाईट अवस्थेतल्या माणसांच्या, म्हणजे सिस्टरची नजर राहावी. माणूस सुधारत गेला की त्याची कॉट टेबलापासून लांब जाते. शेवटच्या खिडकीपाशी पोचला की समजायचं, हा आता घरी जाणार. आमच्या डेपोत उलटं होतं, जी गाडी दाराजवळ ती सुटणार. इथं दाराजवळ तो अडकणार.

पंखे जाळीत. आरसा काचेचा नाही, पत्र्याचा, त्यात दाढी करताना प्रत्येक जण वेडाच दिसतो. संडासाला आतून कडी नाही. भिंतीवर पेशंटच्या हक्कांचा मोठा बोर्ड आहे. त्यात लिहिलंय की पेशंटला आडोसा मिळाला पाहिजे. पडद्याचे दांडे आहेत. एकट्यानं शांत ठेवायची एक खोली आहे, तिच्यात मोडक्या कॉट आणि सलाईनचे स्टँड शांत ठेवलेत. कॅरम आहे, स्ट्रायकर नाही. स्ट्रायकर कुणीतरी फेकून मारला होता, तो सिस्टरच्या ड्रॉवरमध्ये गेला तो गेलाच.

सकाळी दोन सिस्टर असतात, दुपारनंतर एकच. तीच बायकांकडं आणि तीच पुरुषांकडं. मामा एक. तोच रक्ताच्या बाटल्या खाली नेणार, तोच स्टोअरमधून औषध आणणार, तोच शॉक द्यायच्या दिवशी पेशंटला ऑपरेशनच्या खोलीत नेणार आणि दोन तास तिकडंच थांबणार, कारण भूल देणारा डॉक्टर आधी बाकीच्यांची ऑपरेशनं उरकतो. मोठे डॉक्टर आठवड्यातून दोनदा राउंडला. शिकाऊ डॉक्टर रोज असतात, पण सकाळभर खाली ओपीडीत बाहेरच्या माणसांची रांग. समजूत घालणाऱ्या बाई सगळ्या इस्पितळाला मिळून एक. त्या कर्करोगाच्या माणसालाही समजावतात आणि आमच्यालाही.

मग वीस बिथरलेल्या माणसांकडं बघतं कोण? आम्ही. प्रत्येक कॉटजवळ एक स्टूल आणि त्या स्टुलावर त्या पेशंटचा एक माणूस, दिवसरात्र. नातेवाईक नसेल तर भरती करून घेत नाहीत. मला वाटायचं ही माणुसकीची सोय आहे, आपलं माणूस जवळ असावं म्हणून. दुपारच्या सिस्टरनं माझा तो गैरसमज काढला. ती सांगलीकडची, जाड भिंगाचा चष्मा, पायाला सूज.

"बाबा, खरं सांगू? तुम्ही माझा स्टाफ आहात. बिनपगारी. उद्या तुम्ही सगळे उठून घरी गेलात तर मी या दाराला बाहेरून कुलूप लावून पळून जाईन."

"मग पगार मागू का?"

"मागा की. माझा वाढला की त्यातला देते."

तर सोबतीचा माणूस म्हणजे वॉर्डाचा खांब. आणि माझ्या मुलाला माझी सोबत चालेना.

इंजेक्शनची झोप उतरल्यावर त्यानं डोळे उघडले, मला बघितलं आणि ओरडला, "ह्याला बाहेर काढा! ह्यानं आईला कोंडलंय!" मी घरी ज्या हातानं वाढतो त्याच हातानं पाण्याचा पेला पुढं केला, तो उडवून दिला. गोळी माझ्याकडून घेईना. सिस्टर आली की घ्यायचा, पण सिस्टर वीस जणांची. ताट पुढं सरकवलं की म्हणायचा, "आधी आईला सोड." मला दादा म्हणतो तो एरवी. आता म्हातारा. "ए म्हाताऱ्या, किल्ली कुठंय?" मी सांगायचो, "बाळा, आई गेली, तूच पाणी दिलंस." की तो आणखी भडकायचा.

एका दुपारी मामा रक्ताच्या बाटल्या घेऊन खाली गेलेला, सिस्टर बायकांकडं, आणि यानं मला ढकललं. मी स्टुलासकट पडलो. भुवईला खोक पडली. जोरात नव्हतं मारलं. त्याला वाट पाहिजे होती आणि वाटेत मी होतो. शेजारच्या दोन कॉटवरच्या नातेवाइकांनी त्याला धरला.

टाके घालायला जी शिकाऊ डॉक्टर आली ती माझ्या नातीच्या वयाची, नात असती तर. टाके घालता घालता म्हणाली, "आजोबा, हे असं नाही चालणार. तुम्हाला काही झालं तर? दुसरं कोणी आहे का घरी?"

"नाही."

"कोणीच?"

"एक पुतण्या आहे कोथरूडला."

"त्याला विचारा. नाहीतर मला वरती सांगावं लागेल. मग त्यांना मोठ्या मेंटल हॉस्पिटलला पाठवायचं ठरेल. तिथे नातेवाईक लागत नाहीत, तिथला स्टाफ बघतो. वाईट नाहीये हो ते, तुम्हाला वाटतं तसं नाहीये."

वाईट नसेल. मी तिथं राहिलेलो नाही, मी कशाला नावं ठेवू. पण तिथली भिंत उंच आहे आणि तिच्या अलीकडं नातेवाइकाला थांबावं लागतं. वीस-बावीस वर्षं बायकोनं एवढंच केलं होतं, त्याला त्या भिंतीपलीकडं जाऊ दिलं नव्हतं. ती जाऊन तीन महिने झाले नाहीत तर माझ्या हातून तो जाणार होता.

पुतण्याला फोन लावला.

"काका, अरे बापरे. कसा आहे तो? मी आलोच असतो ओ, पण या वीकमध्ये इम्पॉसिबल आहे. रिलीज आहे आमचं. मी अटेंडंट बघू का? ॲपवर मिळतात. बारा तासांचे, चोवीस तासांचे."

"इथं ॲपवरचा चालत नाही. रक्ताचा लागतो."

"मग काका, प्रॅक्टिकली बघा. ते मोठं हॉस्पिटल प्रॉपर आहे ना? तुमचंही वय झालंय."

"माझं वय मला माहितीये," म्हणालो आणि ठेवला. त्याचाही काही दोष नाही. तो लहान असताना एकदा माझ्या मुलानं त्याला खोलीत कोंडून ठेवलं होतं, तो अजून घाबरतो.

शेजारच्या कॉटच्या स्टुलावर वाघोलीकडचा एक जण होता, साठीचा, पांढरी टोपी, बोटांना दुधाचा वास. घरच्या जमिनीवर बिल्डिंगी झाल्या तरी म्हशी सोडल्या नव्हत्या त्यानं. तो धाकट्या भावाच्या सोबतीला होता. भाऊ एक शब्द बोलायचा नाही, नुसता याच्याकडं बघून तोंड फिरवायचा. चार दिवस यानं त्याच्यापुढं ताट धरलं आणि चार दिवस ते गार झालं. सलाईनवर ठेवला होता. मी भुवईला पट्टी लावून बसलो होतो तेव्हा हा स्टूल सरकवत माझ्याजवळ आला.

"काय म्हणली डाक्टरीन?"

"मोठ्या इस्पितळात टाका म्हणतेय."

"आमालाबी तेच. जेवंना म्हणल्यावर काय करत्याल." जरा वेळ तंबाखू नसलेला हात मळत बसला. आत तंबाखू आणू देत नाहीत. मग म्हणाला, "माझा म्हणतोय म्या जमीन खाल्ली. तुमचा म्हणतोय तुमी बाई कोंडली. आपुन दोघं बी चोरच हाय. मंग आसं करू, अदलाबदल करू."

"कसली?"

"आवो, पेशंटची. तुमच्या पोराचा माझ्याव राग न्हाई. माझ्या भावाचा तुमच्याव न्हाई. तुमी हिकडं बसा, म्या तिकडं बसतो."

आम्ही उठून स्टुलं बदलली. एवढंच. त्यानं माझ्या मुलापुढं ताट धरलं आणि म्हणाला, "खा लवकर. माझ्या म्हशी तुझ्यापरीस लवकर खात्यात." मुलानं त्याच्याकडं बघितलं. "किती आहेत?" विचारलं. "चार." आणि खायला लागला. मी बघत होतो. पोटचं पोर दुसऱ्याच्या हातून जेवतंय याचा आनंद झाला की वाईट वाटलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

भावाचं मात्र अवघड होतं. मी पुढं जाऊन बसलो तसा तो पहिल्यांदा बोलला. हळूच म्हणाला, "साहेब, तुमी तलाठी हाफिसातनं आला का?"

मी सिस्टरकडं बघितलं. ती टेबलावरून सगळं बघत होती. उठून आली.

"हे काय चाललंय?"

वाघोलीवाल्यानं सांगितलं. तिनं चष्मा काढला, पुसला, घातला.

"नियमात नाही हे."

"नियमात नातेवाईक पायजे. दोन पेशंट, दोन नातेवाईक. मोजा."

"मला काही दिसलेलं नाही," सिस्टर म्हणाली. "पण सही ज्याची त्यानंच करायची. आणि राउंडच्या वेळी आपापल्या जागेवर."

मला बाजूला घेऊन तिनं शिकवलं. भाऊ जे बोलेल त्याला हो म्हणायचं नाही, नाहीतर त्याला वाटेल खरंच कुणी जमीन खाल्लीय. नाही म्हणायचं नाही, नाहीतर वाटेल हाही त्यांच्यातलाच.

"मग म्हणू काय?"

"जेवलात का म्हणा. मराठी माणसाला तेवढं पुरतं."

तेवढं पुरलं, पण लगेच नाही. पहिल्या दिवशी दोन घास. मग अर्धी पोळी. तो सातबाऱ्याचं सांगायचा, बांधाचं सांगायचा, मी म्हणायचो, भाजी गार होतेय. मोठे डॉक्टर राउंडला यायचे तेव्हा आम्ही दोघं चट्दिशी आपापल्या कॉटपाशी उभे. माझा मुलगा माझ्याकडं पाठ करून बसायचा. डॉक्टर विचारायचे, "सोबत कोण?" मी हात वर करायचो. "त्रास देतो का?" मी म्हणायचो, नाही. खोटं नव्हतं. मला कुठला त्रास, मी दुसऱ्याच्या कॉटवर.

एक सोय झाली. सकाळी वाघोलीवाला दोघांकडं बघायचा आणि मी पर्वतीच्या पायथ्याला घरी जाऊन आंघोळ, स्वयंपाक करून यायचो. दुपारी मी दोघांकडं, तो म्हशींकडं. पेशंटला इस्पितळाचं जेवण मिळतं, सोबतीच्याला नाही. तरी मी चौघांचाच डबा आणायचो. तो दूध आणायचा, तेही सिस्टरला आधी.

पायजम्याचं तेव्हाच कळलं. वॉर्डात नाडी चालत नाही. कुणी नाडीनं काय करेल ते सांगायला नको. पण स्टोअरमधून कपडे येतात ते सगळ्या इस्पितळाचे एकदम शिवलेले, नाडीवाले. मग सिस्टर नाडी ओढून काढते आणि पायजमा देते. म्हणून वॉर्डात निम्मी माणसं एका हातानं पायजमा धरून फिरतात. जेवायला एकच हात उरतो. मी मोठ्या डॉक्टरांना तोंडावर विचारलं, "साहेब, नाडीच नको तर नाडीचा पायजमा कशाला मागवता?"

ते हसले. "बाबा, मागणी सगळ्या हॉस्पिटलची एक असते. वेगळी पाठवली होती. दोनदा."

"मग?"

"मग तुम्ही बघताय ना."

भावाला आंघोळ घालताना मी बघितलं, त्याचा पायजमा हातानं धरावा लागत नव्हता. त्यात इलॅस्टिक होतं. नेफ्याला बारीक टीप, आणि शेवटी तीन गाठी, एकावर एक. घरातल्या प्रत्येक उशीच्या अभ्र्याला त्या तीन गाठी आहेत. माझ्या सगळ्या शर्टांच्या बटनांना आहेत. मी मोरीतच बसलो खाली. भाऊ अंगाला साबण लागलेला तसाच उभा, म्हणाला, "साहेब, काय झालं?"

सिस्टरनं नंतर सांगितलं. बायको तुळशीबागेतून इलॅस्टिकची रिळं आणायची आणि स्टुलावर बसून सगळ्यांच्या पायजम्यांत घालायची. आपल्या मुलाच्याच नाही. ते पायजमे धुवायला जातात, कुठं दुसऱ्याच वॉर्डात पोचतात, कधी परत येतात. "अजून आठ-दहा फिरतायत," सिस्टर म्हणाली. "आला की मी बाजूला काढून ठेवते, जे जास्त बेचैन असतात त्यांच्यासाठी."

बावीस वर्षं ही बाई जिन्यावरून खाली यायची आणि मला फक्त "झोपलाय" सांगायची. मीही कधी पुढं विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. आमचं बोलणं तेवढंच असायचं आणि तेवढ्यात भागायचं.

मुलाला नवी गोळी चालू केली होती. ती स्टोअरमध्ये नव्हती, बाहेरून आणायची. हळूहळू ओरडणं गेलं. झोप लागायला लागली. त्याची कॉट टेबलापासून मधल्या रांगेत गेली. वाघोलीवाल्याशी बोलायचा, म्हशी किती दूध देतात, वासरू कधी झालं. माझ्याकडं बघायचा, पण जसं बसमध्ये समोरच्या सीटवरच्याकडं बघतो तसं. आईचं नाव त्यानं टाकलं होतं. शिकाऊ डॉक्टर मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही काढू नका विषय. त्यांनी विचारलं तर मात्र खरं सांगा." तो विचारत नव्हता.

भाऊ मात्र आधी सुधारला. पोळ्या मागून खायला लागला. एक दिवस थोरल्याला म्हणाला, "दादा, धारंला कोन जातंय?" वाघोलीवाला टोपी काढून तोंडावर धरून बसला, बराच वेळ. मग त्यांची कॉट खिडकीपाशी गेली आणि मोठ्या डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं.

मला कळत होतं याचा अर्थ काय. आमची अदलाबदल संपली. ते निघायच्या दिवशीच्या राउंडला माझ्या मुलाचंही ठरणार होतं. त्याला अजून पंधरा-वीस दिवस ठेवायला हवं होतं, आणि सोबतीला माणूस नाही म्हणजे मोठं इस्पितळ. सिस्टरची त्या दिवशी सकाळची पाळी होती, तिनं आल्या आल्या सांगितलं, "बाबा, आज मला न दिसून चालणार नाही. डॉक्टर त्यालाच विचारणार. नव्या कायद्यानं पेशंटला विचारावं लागतं, तुला कोण चालेल म्हणून."

वाघोलीवाला निघाला. माझ्या मुलाच्या पाठीवर थाप मारली. "येतो रं. म्हशी बघाया ये." मला म्हणाला, "आण्णा, मी ऱ्हायलो आसतो, पर घरी दोघंच बाप्ये." मी म्हणालो, जा, धारेची वेळ होईल. जाळीचं दार उघडलं, ते दोघं गेले, मामानं परत कुलूप घातलं. मी त्यांच्या रिकाम्या कॉटपाशी उभा राहिलो. माझ्या मुलाच्या कॉटपाशी जायचं धैर्य झालं नाही. गेलो आणि तो सगळ्यांसमोर ओरडला, तर तिथंच संपलं.

डॉक्टर आले. मागं चार शिकाऊ. त्याच्या कॉटशी थांबले, झोप, भूक, आवाज ऐकू येतात का, सगळं विचारलं. तो नीट सांगत होता. मग विचारलं, "आणि सोबतीला कोण राहील तुमच्या?"

त्यानं आजूबाजूला बघितलं. वाघोलीवाल्याचं स्टूल रिकामं होतं. मग माझ्याकडं बघितलं. मी खाली बघत होतो, पण मला कळत होतं.

"त्यांचा पेशंट गेला ना घरी?" तो म्हणाला.

"कुणाचा?"

"त्या बाबांचा. ते रिकामेच आहेत आता. चांगलं बघतात ते. त्या माणसाला जेवायला लावलं त्यांनी." मग जरा थांबून, "त्यांना बसू दे इथं. त्यांची हरकत नसेल तर."

मोठ्या डॉक्टरांनी सिस्टरकडं बघितलं. सिस्टरनं खिडकीकडं. शिकाऊ डॉक्टरीण तोंडावर वही धरून उभी.

"काय बाबा," डॉक्टर मला म्हणाले, "हरकत आहे?"

"नाही," म्हणालो.

माझी पिशवी आणि चादर उचलून मी चार पावलं इकडं आलो. स्टुलावर बसलो. राउंड पुढं गेला. त्यानं मला ओळखलं होतं की नव्हतं हे मी त्याला तेव्हाही विचारलं नाही, आजही नाही. तो घरी आलाय, कामावर जातो, रात्री गोळ्या मी त्याच्या हातावर ठेवतो. विचारून काय करायचंय.

त्या दुपारी मी डबा उघडला. आमटी, भात, गवारीची भाजी. तो जेवला. निम्मं झाल्यावर हात थांबवून म्हणाला, "आई गेली ना?"

"हो."

"मीच पाणी दिलं."

"तूच दिलंस."

पुन्हा एक घास घेतला. खूप वेळ चावत बसला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यानं पुसलं नाही, मीही पुसलं नाही. वॉर्डात ते चालतं, कुणी वळून बघत नाही.

"डबा कोण करतं मग?"

"मी."

"म्हणून," तो म्हणाला. "आमटीत गूळ घालायचा राहतो तुमचा, दादा."

"उद्या घालतो," मी म्हणालो.